अर्ध्या विटेची भिंत

ओळीत सोळा घरं. काचेच्या कारखान्यातल्या कामगारांसाठी कुणीतरी दीडशे वर्षांपूर्वी बांधलेली. खाली एक खोली, वर एक खोली, मागं चिंचोळं स्वयंपाकघर आणि एक चादर वाळत घातली की संपणारं अंगण. कारखाना केव्हाच गेला, त्याचं धुराडंही गेलं. घरं मात्र एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली, कारण एकट्यानं उभं राहायची ताकद त्यांच्यातल्या एकातही नव्हती. मग पालिकेनं कोपऱ्यावर पाटी लावली, ही घरं जपायची म्हणून. तेव्हापासून दारं सगळी एकाच हिरव्या रंगाची, खिडक्या जुन्या लाकडाच्या, आणि साधा खिळा ठोकायचा तरी अर्ज. सुट्टीच्या दिवशी लोक येऊन दारांचे फोटो काढतात. "किती गोड घरं," म्हणतात. गोड आहेतच. राहून बघावं.

ज्यानं बांधली त्यानं विटा वाचवल्या. दोन घरांमधली भिंत अर्ध्या विटेची. शेजारी कूस बदलली तरी कळतं. सातव्या घरात कांदा चिरला की आठव्या घरात डोळ्यांना पाणी, असं ओळीतली माणसं हसत म्हणतात. पण हसण्यापलीकडे त्यांचा एक कडक नेम आहे, कुठल्या पाटीवर न लिहिलेला. भिंतीतून आलेलं बोलायचं नाही. समोरच्यानं जे कारण सांगितलं तेच खरं धरायचं. रात्रभर रडलेली बाई सकाळी नळावर "सर्दी झालीय" म्हणाली, तर आपण म्हणायचं, "हवाच तशी आहे, बाई." जुन्या बायका भांडी घासता घासता म्हणायच्या,

*भिंतीला कान भारी, तोंड नाही ग दिलं देवानं*
*ऐकलं ते पोटी ठेवलं शेजारणीच्या जिवानं*

नवव्या घरात ऑपरेटरबाई राहतात. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला हेडफोन लावायचा, दोन माणसं जोडून द्यायची आणि आपण मधून निघून जायचं. कान तिथंच राहायचा, मन काढून घ्यायचं. लोकांची लग्नं, मरणं, भांडणं बाईंच्या कानावरून गेली आणि बाईंनी त्यातलं अक्षर कधी घरी आणलं नाही. असं माणूस ओळीत शोभून दिसायचंच.

दहाव्या घरात चष्मेवाले दादा. वय शहात्तर. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं. काच घासून, दांड्या वाकवून, नाकावर चष्मा असा बसवायचे की गिऱ्हाईक घरी जाईपर्यंत तो विसरून जाई. बायको वारली, दुकान बंद केलं, आता एकटेच. लेक पाच तासांच्या अंतरावर मोठ्या शहरात, बाराव्या मजल्यावर. तिला ते बिट्टी म्हणतात. बिट्टी चाळीस ओलांडून गेली, पण नाव काही मोठं झालं नाही.

थंडी सुरू झाली तसे दादा जिना मोजायला लागले.

बाई आपल्या खोलीत वाटाणे सोलत बसल्या होत्या. पलीकडून आवाज आला, "एक. दोन. तीन." हळू, शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसा. तेरापर्यंत गेला आणि थांबला. बाईंचा हात शेंगेतच राहिला. पन्नास वर्षं ज्या जिन्यावर माणूस चढला-उतरला, तो जिना माणूस मोजत नाही. पाय मोजतात, तोंड मोजत नाही.

मग बाईंना एकेक गोष्ट उमगत गेली. तिन्हीसांजेला पलीकडच्या दिव्याच्या बटणाचा खटका यायचा, तो येईनासा झाला. दादांचा तळहात भिंतीवरून घासत जायचा. बाईंच्या कपाटामागून, आरशामागून, थेट पलंगाच्या उशापर्यंत, जणू आजारी माणसाच्या पाठीवरून कुणी हात फिरवतंय. एकदा फोनवर ते कुठल्याशा डॉक्टरांना म्हणाले, "काचबिंदूच ना? मला काय सांगता, मी दुसऱ्यांचे ओळखायचो. जे गेलं ते येत नाही. उरलंय त्याचं बोला." आणि मग बराच वेळ नुसते "हं, हं" करत राहिले. उरलेलं फार नसावं.

सकाळी दारात भेटले की दादा तसेच, ताठ. "काय बाई, थंडी वाढली."

"वाढलीच की."

"तुमच्या कुंडीतलं ते फुललं वाटतं."

ते कधीच सुकून गेलं होतं. बाई म्हणाल्या, "हो, यंदा बरं आलंय."

दोन महिन्यांतून एकदा बिट्टी यायची. ती यायच्या आदल्या दिवशी पलीकडे तालीम चाले. खुर्चीपासून ओट्यापर्यंत सात पावलं. "सात. आता डावीकडं कप." कप खाली ठेवल्याचा आवाज, परत उचलल्याचा, परत ठेवल्याचा. ती यायची त्या दिवशी पहाटे रेडिओच्या बातम्या ऐकायचे आणि मग पेपर फडफडवत त्याच बातम्या म्हणून बघायचे, मध्येच अडखळून, अगदी वाचणारा माणूस अडखळतो तसे. बाई इकडे उशीत तोंड खुपसून हसायच्या. हसता हसता उशी ओली व्हायची.

अशीच एकदा बिट्टी आली, पिशव्या ठेवून कोपऱ्यावर दूध आणायला गेली, आणि दादा घाईघाईनं दारात आले. बाई पायरी झाडत होत्या.

"बाई, जरा सांगता का? बिट्टीच्या अंगात आज कोणता रंग आहे? माझा चष्मा आत राहिलाय."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"निळा," बाई म्हणाल्या. "निळा स्वेटर. गळ्याशी पांढरी पट्टी."

दहा मिनिटांनी भिंतीतून दादांचा आवाज आला, "बिट्टे, निळा तुला शोभतो हो. गळ्याशी ती पांढरी पट्टी छान दिसतेय." आणि लेकीचं हसणं, "अय्या बाबा, तुमचं लक्ष असतं."

संध्याकाळी निघताना बिट्टी बाईंच्या दारात थांबली. सडपातळ, दमलेली, खांद्यावर पिशवी. "मावशी, बाबा ठीक असतात ना? फोनवर सगळं छानच असतं त्यांचं. तुम्हाला भिंतीतून ऐकू येत असेल."

"ठीक आहेत," बाई म्हणाल्या. "मला काय ऐकू येणार, मी आता बहिरी होत चाललेय."

ती हायसं वाटून गेली. बाई दार लावून तिथंच उभ्या राहिल्या.

खोटं बोलायला त्यांना नेमाचीही गरज नव्हती. दादांचं त्यांच्यावर देणं होतं, आणि ते देणं असं होतं की आयुष्यभर फेडलं तरी बाकी राहावं. बाईंचा नवरा हयात होता तेव्हाची गोष्ट. तो टेम्पो चालवायचा. बाहेर लोण्यासारखा मऊ, घरात आल्यावर हाताला आवर नाही. बाईंचा चष्मा सात वेळा मोडला. दर वेळी बाई तो रुमालात गुंडाळून दादांच्या दुकानात न्यायच्या. दादा दांडी जोडायचे, नवी काच बसवायचे, मान वर न करता म्हणायचे, "फ्रेमच नाजूक आहे हो ही. कंपनीचा दोष." आदल्या संध्याकाळी पलीकडे ते जेवत होते, ताटावरचा चमचा थांबला होता, हे बाईंना माहीत होतं. पण दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, दोष फ्रेमचा. त्या एका वाक्यावर बाई डोकं वर करून रस्त्यानं घरी यायच्या. पुढं नवरा अपघातात गेला. दादा तेव्हाही जे बोलायचं तेवढंच बोलले.

अशा माणसाची लाज बाई कशी उघडी करणार?

पण हिवाळा कुणाचं ऐकत नाही. एकदा पलीकडे लायटरचा टिकटिकाट झाला, बराच वेळ झाला, मग एकदम भसकन आवाज आणि दादांचं "आई ग". अंगणाकडून जळक्या कापडाचा वास आला. दुसऱ्या दिवशी मनगटाला फडकं. "चहा सांडला, बाई."

"सांडतोच चहा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं स्वतःचं मनगट दिवसभर हुळहुळत राहिलं.

त्यानंतर पलीकडे गॅस पेटेना. दादा पाव खात होते. पावाच्या कागदाची चुरचुर सकाळ-संध्याकाळ. लेकीशी फोनवर मात्र, "आज वरण-भात केला, कालचा रस्सा होता." बाई वाटीभर काही घेऊन जायच्या, "जास्त झालं," म्हणायच्या. नेमात तेवढं बसत होतं. पण एक वाटी नेण्यासाठी रोज काय जास्त व्हावं? पाचव्या दिवशी दादाच म्हणाले, "बाई, तुमचा अंदाज चुकायला लागला की काय? म्हातारपण आलं." दोघंही हसले. वाटी नेणं बंद झालं.

आणि एका दुपारी, "आठ. नऊ. दहा." अकरा आलंच नाही.

जो आला तो आवाज बाईंनी पूर्वी आपल्या घरात, आपल्याच अंगानं ऐकला होता. माणूस पडतो तेव्हा आधी हाड वाजतं, मग लाकूड. बाई भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे श्वास. लांब, खरखरीत. मग दादांचा आवाज, नेहमीपेक्षा मोठा, कुणाला तरी ऐकवण्यासाठी काढलेला: "काही नाही. पेटी पडली."

ओळीत भिंतीतून कुणी कुणाशी बोलत नाही. दीडशे वर्षांत बोललं नसेल. बाईंनी उत्तर दिलं नाही, चपला घातल्या आणि दहाव्या घराचं हिरवं दार वाजवलं. पाव तास गेला. रस्त्यावरून एक जोडपं दारांचे फोटो काढत गेलं, मुलगी म्हणाली, "आजी, जरा बाजूला व्हाल का?" बाई बाजूला झाल्या. मग दार उघडलं. दादांनी केस विंचरले होते. शर्टाची बटणं एकाआड एक लागली होती. कानामागून रक्ताची बारीक धार कॉलरमध्ये उतरत होती, आणि ती त्यांना ठाऊक नव्हती.

"पेटी पडली," दादा म्हणाले.

"पेटीला कानामागं लागलंय," बाई म्हणाल्या.

दादा हसायला गेले. हसू अर्ध्यातच सुटलं. बाईंनी ओला रुमाल आणून रक्त पुसलं. ते लहान मुलासारखे मान तिरकी करून बसले. त्यांची नजर बाईंच्या चेहऱ्याच्या जरा उजवीकडे, रिकाम्या भिंतीवर होती.

"बिट्टीला सांगू नका."

बाई रुमाल पिळत राहिल्या.

"ती मला उचलून नेईल. तिथं बारावा मजला आहे. तिथं मी खरा आंधळा होईन, बाई. इथं मला घर माहीत आहे, घराला मी माहीत आहे. कळतंय ना?"

"कळतंय."

"मग झालं तर."

बाई घरी आल्या. तीन दिवस त्यांनी कान लावून काढले. आता जिना मोजताना दादांचा आवाज कापत होता. दहावर आला की थांबायचा, तिथंच बराच वेळ उभा राहायचा. बाई इकडे श्वास धरून उभ्या. अकरा आल्यावर सोडायच्या. एकदा तो अकरा यायला इतका वेळ लागला की बाईंना वाटलं, आपणच म्हणावा.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी बिट्टीला फोन लावला. मागच्या अंगणात जाऊन, शाल डोक्यावरून घेऊन, तोंडाशी हात धरून बोलल्या. इकडचं तिकडं जातं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत? जिना सांगितला, मनगट सांगितलं, पाव सांगितला. निळ्या स्वेटरचं सांगताना मात्र जीभ अडली. पण सांगितलं.

बिट्टी म्हणाली, "म्हणजे मी आले होते तेव्हा त्यांना मी दिसत नव्हते?"

"आकार दिसत असेल."

"आणि तुम्हाला माहीत होतं, मावशी."

"होतं."

शनिवारी ती आली, बरोबर नवरा आणि गाडी. बाप-लेकीचं जे झालं ते बाईंनी ऐकलं नाही. त्या मुद्दाम बाजारात गेल्या, नको असलेल्या गोष्टींचे भाव विचारत दोन तास फिरल्या. परतल्या तेव्हा पलीकडे खोकी बांधण्याची चिकटपट्टी करकरत होती. आणि त्यांच्या दारात, पायरीवर, कोट घालून दादा बसले होते.

"बाई ना? पिशवीचा आवाज ओळखला. बसा."

बाई शेजारी बसल्या. दगड गार होता.

"कुणी सांगितलं ते मी विचारत नाही," दादा म्हणाले. "भिंत काही उठून गेली नसेल."

"मीच सांगितलं."

"मला आधी विचारायचं होतं."

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो की."

"म्हणून नाही विचारलं."

दादांनी कोटाच्या खिशातून हात काढला, परत घातला. रस्त्याच्या टोकाला कुणाची तरी सायकल आपटली. मग ते अगदी हळू, कामाचं काही विचारावं तसं म्हणाले, "मी सात वेळा तुमची फ्रेम जोडली. कधी विचारलं नाही."

"नाही विचारलंत. तुमचे उपकार आहेत."

"उपकाराचं राहू द्या. तुम्ही माझं दार वाजवलंत तेव्हापासून मी एकच घोळवतोय. मी तेव्हा दार वाजवायला हवं होतं का?"

बाईंना वाटलं, आता फ्रेमचं म्हणावं. दोष फ्रेमचा होता, दादा. म्हातारा माणूस घर सोडून चाललाय, त्याला एवढं तरी गाठीशी बांधून द्यावं. तीस वर्षं आपण हेच खरं मानत आलो. पण तोंड उघडलं तेव्हा दुसरंच बाहेर आलं, खोल विहिरीतून पोहरा यावा तसं, जड आणि गार.

"हो," त्या म्हणाल्या. "मी वाट बघायची. दर वेळी. तुमचा चमचा थांबायचा ना, मला वाटायचं, आता उठले. आता चपला घातल्या. मग चमचा परत सुरू व्हायचा."

दादांचा चेहरा काचेसारखा झाला, आतलं काही न दाखवणारा. बाईंना शब्द परत घ्यावेसे वाटले, पण सांडलेलं पाणी कुणी भरलंय?

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. आवाजात बरं काही नव्हतं. उठले. बाईंनी हात पुढं केला. त्यांना तो दिसला नाही, किंवा दिसला. बिट्टी धावत आली, बापाला दंडाला धरून गाडीकडे घेऊन गेली. तिनं बाईंकडे पाहून मान हलवली. आभार होते की राग, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. गाडी गेली. दादांनी काच खाली केली नाही.

ओळीत कुणी बाईंना काही विचारलं नाही. विचारणार कसं? नळावर सगळे तसेच बोलायचे, थंडीचं, पाण्याचं. पण ओळीत सगळ्यांना ऐकू येतं, तसं हेही ऐकू गेलं होतं. कोपऱ्यावरचा न्हावी गमतीनं म्हणाला, "या बाई, जपून बोललं पाहिजे आता." सगळे हसले, बाईही हसल्या. घरी आल्या तर पिशवीत काय आणलं होतं ते आठवेना.

डावीकडचं, दहावं घर मुकं झालं. आणि उजवीकडे, आठव्या घरात, वेल्डर आणि त्याची तरणी बायको राहायची, वर्षाचं बाळ घेऊन. दिवसभर त्यांचा गोंधळ असायचा. तो घरी आला की दारातूनच ओरडायचा, "काय ग, जेवायला काय जाळलंस?" ती म्हणायची, "तुझं नशीब." भांडायची, खिदळायची, पोरगं किंचाळायचं. बाईंना त्या आवाजांची ऊब होती. शेजारच्या चुलीची भिंत गरम लागावी तशी.

हळूहळू ती ऊब गेली. आधी भांडण उतरलं, मग हसू उतरलं. आता तिथं कुजबूज असायची, चालताना टाचा उचललेल्या. दारात भेटली की पोरगी पूर्वीपेक्षा जास्त गोड बोलायची, आणि बोलणं उरकायची.

एका संध्याकाळी बाळ रडायला लागलं. दात येत असावेत. कळ निघाल्याचं रडणं होतं. आईनं थोपटलं, उचललं, फेऱ्या मारल्या. रडं वाढलं, आणि मग ते एकदम दबलं. पदराखाली किंवा तळहाताखाली, बाईंना कळलं नाही. पोरीचा घोगरा, रडवेला आवाज आला, "शू, हळू रे राजा. पलीकडे बाईंना ऐकू जातंय."

बाई खुर्चीत होत्या. त्या उठल्या, शाल घेतली, बाहेरच्या दिव्याचं बटण दाबलं, दार सताड उघडलं आणि जरा जोरातच आपटून ओढून घेतलं. रस्ता पार करून समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. तिथून आठव्या घराची खिडकी सरळ दिसते, आणि खिडकीतून कट्टा.

वारा हाडात शिरत होता. पडदा हलला. पोरीचा चेहरा दिसला, खांद्यावर बाळ. तिनं बाईंना बघितलं, नवव्या घराच्या बंद दाराकडे बघितलं. बाईंनी हात हलवला नाही. शाल कानांवरून घट्ट ओढून घेतली, तिला दिसेल अशी.

पडदा पडला. थोडा वेळ काहीच नाही. मग एवढ्या दूरवरून, खिडकीच्या काचेआडून, पोराच्या रडण्याचा आवाज मोकळा झाला. बाई बसून राहिल्या. रडणं थांबेपर्यंत घरी जायचं नव्हतं, आणि ते लवकर थांबेल असं काही वाटत नव्हतं.